अरुंद चाकाचा माग

चिमणी हे नाव आबांनी ठेवलं तेव्हा ती खरंच मूठभर होती. पुढे तिने उंची घेतली, खांदे घेतले, निम्मं आयुष्य कारखान्यातल्या लेथ मशीनपुढे उभं राहून मनगटं अशी घट्ट झाली की बरणीचं झाकण उघडायला शेजारपाजारचे तिच्याकडे येत. पण नाव काही सुटलं नाही. कारखान्यात नवा माणूस आला की त्याला सांगत, "चिमणीताईंना विचार." तो आधी एखादी बारीकशी बाई शोधत फिरायचा आणि मग समोरची ही धिप्पाड बाई बघून विचारायचं तेच विसरायचा.

तिचा नवरा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन. धागा संपेल पण त्याचं बोलणं संपणार नाही, असा माणूस. मागच्या खोलीत आबा, म्हणजे चिमणीचे वडील. आबा टेलिफोनच्या तारांचे लाइनमन होते. वादळात तार तुटली की भर पावसातही मोटारसायकल काढून निघायचे आणि खांबामागून खांब बघत, तुटलेली जागा सापडेपर्यंत जायचे. सगळी नोकरी त्यांनी त्या एका गाडीवर केली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी डोळ्यांत काचबिंदू झाला. अंधार कडेकडून आत सरकत आला आणि शेवटी मधलं होतं तेही गेलं. तेव्हा त्यांनी गाडीची किल्ली चिमणीच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "मला मात्र मागे बसवू नकोस. मी मागे बसणारा माणूस नाही."

आणि खरंच, ते कधी बसले नाहीत. दवाखान्यात जायचं तरी रिक्षा. पण रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून ते गाडीची वाट बघायचे; बघायचे म्हणजे कानांनी. गाडी पाण्याच्या टाकीपाशी वळली की त्यांची मान वर व्हायची, आणि चिमणी आत येऊन हेल्मेट काढायच्या आधी निकाल तयार असायचा. "चेन ढिली झालीय." नाहीतर, "आज कुणाला तरी मागे बसवलं होतंस. मागचा शॉकअप अजून कुरकुरतोय."

गाडीचं एकच दुखणं होतं. मागच्या चाकाचा टायर झिजून गुळगुळीत झाला होता आणि त्या मापाचा अरुंद टायर आता कुठेच मिळत नव्हता. चिमणी चालढकल करत राहिली. मग एके दिवशी वळणावरच्या खडीत गाडी घसरली. मागे शिंपी होता आणि त्याच्या मांडीवर शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं. दोघं फरफटत गेले. घरी आल्यावर तिने त्याचा गुडघा धुतला, तर तो म्हणाला, "अगं, गुडघ्याचं काही नाही, तो आपोआप भरून येतो. गिऱ्हाइकाची पँट भरून येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती चाकं बांधणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेली. बोळाच्या टोकाला त्याचं दुकान. छताला रिमा टांगलेल्या, स्पोकचे जुडगे डब्यांत उभे. तो चाक स्टँडवर फिरवून, कान लावून, एकेक स्पोक आवळत त्याचा वाकडेपणा, म्हणजे आउट, काढायचा.

"काका, जुन्या गाडीला रुंद चाक बसेल का?"

"बसतं. गाडीची तयारी असली की बसतं." त्याने तिच्याकडे वर बघत म्हटलं, "चाकाच्या मधलं हब भारी गाडीचं घे. रिम मी बांधून देतो. पुढची कारागिरी तुझी तू कर, लेथ तुझ्याकडे आहे."

दोन रविवार काम चाललं. चिमणीने जुनं चाक उतरवलं, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे दोन्ही पाय कापून बाहेर घेतले आणि मधे जोड देऊन वेल्डिंग करून आणलं. नव्या हबचं भोक मोठं, गाडीचा एक्सल बारीक. मधे बसायला तिने कारखान्यात बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, काढून घेतले. चाक चढवलं तर चेन टायरच्या कडेला घासायला लागली. मग चेनच्या चक्रीमागे रिंग घातली, पुढची चक्रीही तेवढीच बाहेर घेतली, मडगार्डची बाजू कापली. शेवटी दोरी ताणून बघितली: पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत. तिने कंबरेवर हात ठेवून श्वास सोडला.

आबा जवळच बसून होते. त्यांनी हात पुढे केला, तिने तो टायरवर नेऊन ठेवला. त्यांनी बोटं पसरून रुंदी मोजली.

"हे चाक आहे की उशी?"

"घसरणार नाही आता, आबा."

"ते खरं." त्यांनी हात टायरवरून काढून घेतला. "जुनं कुठे टाकलंस?"

"टाकलं नाही. शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगलंय."

सोमवारी ती नव्या चाकावर कामाला गेली. गाडी रस्त्याला अशी धरून चालली होती की तिला वाटेत एकटीलाच हसू आलं. संध्याकाळी टाकीपाशी वळली, अंगणात आली, इंजिन बंद केलं. आबांची मान वर होती, पण तिच्याकडे नव्हती. फाटकाकडे होती.

"तुझ्याबरोबर कोण आलंय?"

"कुणी नाही. एकटीच तर आहे."

"तुझ्या मागून एक गाडी वळली ना आत्ता. थांब..." त्यांनी बोट वर केलं. "आली. दारात उभी आहे. बंद केली बघ."

चिमणीने फाटकाकडे बघितलं. रस्ता रिकामा होता. समोरच्या भिंतीवर एक मांजर बसलं होतं, तेही फाटकाकडेच बघत होतं.

आतून शिंपी ओरडला, "रुंद टायरचा आवाज भिंतीवर आपटून परत येत असेल, आबा. माझं बोलणंही तसंच परत येतं, कुणी ऐकतच नाही."

चिमणीला ते पटलं. आबांना पटलेलं दिसलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही.

मग ते रोजचंच झालं. ती यायची, आबा तिच्याशी बोलायचे नाहीत, मान फाटकाकडे ठेवून थांबायचे, आणि मग एकदम खांदे सैल सोडून म्हणायचे, "हं. आला." मग चहाचा कप उचलायचे. तिला ऐकू काहीच यायचं नाही. पण तीही आपसूक थांबायला लागली. हेल्मेट हातात धरून, दाराकडे बघत.

एका संध्याकाळी आबा म्हणाले, "चिमणे, मी ओळखलं त्याला. दुसरा गिअर टाकायच्या आधी तो क्षणभर रेस सोडतो. क्लचची तार ओढून ओढून सैल पडायची, म्हणून मी स्वतःला लावून घेतलेली खोड आहे ती. दुसरं कुणी तशी चालवत नाही. तूसुद्धा नाही."

"म्हणजे काय, आबा?"

"म्हणजे काय? मीच येतोय तुझ्या मागून."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं आणि चहाचा कप उचलला.

धूळ बसावी म्हणून शिंपी संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचा. त्या आठवड्यात एकदा ती गाडी शेडमध्ये लावून वळली, तर तो रिकामी बादली घेऊन अंगणाच्या मधोमध उभा होता आणि खाली बघत होता. ओल्या मातीत तिच्या रुंद टायरचा पट्टा फाटकापासून शेडपर्यंत गेला होता. आणि त्या पट्ट्यावरून, तो तिरका ओलांडून, दुसरा एक माग गेला होता. अरुंद. नक्षी ठसठशीत उमटलेली. तो थेट आबांच्या खुर्चीपर्यंत जाऊन थांबला होता.

"कुणी सायकलवाला आला असेल," चिमणी म्हणाली.

"आला असेल. आणि परत कसा गेला? सायकल डोक्यावर घेऊन?" शिंपी बोलून गेला आणि स्वतःच्या विनोदावर हसायचा तो हसला नाही. त्याने पायाने तो माग पुसला. आबा खुर्चीत निवांत बसले होते, चेहऱ्यावर कुणीतरी भेटून गेल्याचं समाधान.

चिमणी शेडमध्ये गेली. जुनं चाक खिळ्यावर होतं. तिने टायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला. टायर कोमट होता. खाचांमध्ये ओली माती होती.

मग तिच्या लक्षात आलं की खाचा होत्या. हा टायर गुळगुळीत होता. ती स्वतः त्यावरून घसरली होती. तिने अंगठ्याचं नख खाचेत घातलं. नख बुडलं.

दुसऱ्या दिवशी ते चाक खांद्यावर टाकून ती चाकवाल्या म्हाताऱ्याकडे गेली. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, टायर फिरवून फिरवून बघितला.

"कुठून पैदा केलास हा? याचा साचाच मोडीत निघाला केव्हाचा."

"माझाच आहे, काका. गाडीचाच. तुम्ही बघितलाय."

"मी बघितला तो टकला होता." त्याने चाक स्टँडवर चढवलं आणि हलकासा झटका दिला. चाक फिरायला लागलं. दोघं बघत राहिले. म्हाताऱ्याने स्पोकची एक जुडी बांधली, दुसरी बांधली, एका गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. चाक फिरतच होतं, उलट वेग वाढत होता. शेवटी त्याने फडकं घेऊन ते दाबून थांबवलं, फडकं तिथेच टाकून दिलं आणि हात पँटला पुसले.

"घेऊन जा पोरी," तो म्हणाला. "याचा आउट मी काढणार नाही."

यानंतर आबा रोज काहीतरी नवीन सांगायला लागले. "आज त्याने सायलेन्सर बदललाय. फुटायच्या आधीचा, पहिला." काही दिवसांनी म्हणाले, "आज हॉर्न वाजवला. तो हॉर्न पूर आला त्या वर्षी पाणी जाऊन बंद पडला होता, मी काढून फेकला होता." चिमणी शेडमध्ये जाऊन बघायची. खाचा आणखी खोल. मागून येणारी ती गाडी दिवसेंदिवस नवी होत होती, आणि तिच्यावर बसलेला माणूसही.

आणि इकडे आबांचं उलटं सुरू झालं. आधी त्यांना नवीन बाथरूम सापडेना. जुना संडास होता त्या कोपऱ्यात जाऊन भिंत चाचपत उभे राहायचे. मग शेजारीण वारल्याचं विसरले. मग एकदा जेवताना त्यांनी चिमणीच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "हे गृहस्थ कोण? रोज असतात."

शिंप्याने ऐकलं. "मी तुमचा जावई, आबा. तुम्हीच पसंत केलात, आता बदलून मिळणार नाही."

आबा खजील होऊन म्हणाले, "हो हो, जावईबापू. आवाज बसलाय तुमचा, म्हणून." पण त्या रात्री शिंप्याने एका सदऱ्याची बाही उलटी शिवली, आणि ते तिसऱ्यांदा उसवताना त्याचे डोळे भरून आलेले चिमणीने बघितले.

ती आबांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं: वयात असं होतं, अलीकडचं आधी जातं, जुनं मागाहून, गोळ्या देते, पण फार आशा धरू नका. सगळं बरोबर होतं. त्यात टायरबद्दल काही नव्हतं आणि चिमणीनेही विचारलं नाही.

मग एक दिवस असा आला की शिंप्याने गाडीचा आवाज ऐकला. स्वतःच्या कानांनी. आज लवकर कशी सुटली म्हणून तो उठला, फाटक उघडलं. कुणी नव्हतं. पण पेट्रोलचा वास होता, आणि इंजिनजवळ उभं राहिल्यावर लागते तशी धग त्याच्या नडग्यांना लागली. मागे आबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "या, या," आबा कुणाला तरी म्हणत होते. चिमणी त्यानंतर बऱ्याच वेळाने आली, तेव्हा शिंपी पायरीवर बसून होता. त्याने सगळं सांगितलं आणि पुढे एक शब्द बोलला नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच घर इतकं शांत होतं.

"तो आता माझ्या आधी पोचायला लागलाय," चिमणी म्हणाली. "बास झालं. जुनं चाक परत चढवते."

रविवारी सकाळी तिने गाडी स्टँडवर घेतली, पाना एक्सलच्या नटाला लावला. आबा भिंतीला धरून शेडमध्ये आले. पान्याच्या पहिल्या आवाजालाच त्यांनी ओळखलं ती काय करतेय ते.

"नको चिमणे. जुनं चाक खिळ्यावरून काढून गाडीला लावलंस तर तो वाटेतच राहील."

"राहू दे."

"अगं, तो मी आहे. मला रस्त्यात टाकून येशील?"

तिने पाना खाली ठेवला. आबा चाचपत तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिचा खांदा धरला. 

"आज सकाळी जाग आली तेव्हा तू चहा घेऊन आलीस. मला वाटलं, ही बाई कोण? मी लहान मुलगी शोधत होतो. थोड्या वेळाने लागली ओळख. उद्या कदाचित लागणार नाही. ती लागतेय तोवर मला एकदा गाडी चालवू दे. तो एकटा इतक्या लांबून येतोय. निदान एकदा त्याच्या शेजारून जातो."

चिमणीने शेडच्या दारात उभ्या नवऱ्याकडे बघितलं. तो नको म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "तू मागे बस. हात मोकळे ठेव. आणि तळ्यात ने, तिथे आपटायला काही नाही."

गावाबाहेर एक तळं होतं, उन्हाळ्यात पार आटलेलं. तळाला गाळ वाळून पिठासारखी माती झाली होती, दूरच्या बांधापर्यंत सपाट. ऊन चढायच्या आत ती आबांना घेऊन गेली. तिथवर मात्र त्यांना तिच्या मागे बसावं लागलं. ते अवघडून, तिच्या खांद्याला नुसती दोन बोटं लावून बसले आणि वाटभर कुरकुरले.

तळ्यात उतरल्यावर जागा बदलल्या. आबा पुढे बसले. त्यांनी हँडल धरलं, टाकीवरून हात फिरवला, पायाने गिअर शोधला, आणि त्यांची पाठ ताठ झाली. चिमणीने मागून दोन्ही हात हँडलजवळ तयार ठेवले.

"समोर सगळं मोकळं आहे, आबा. मी सांगेन तसं घ्या."

"तू फक्त सरळ आहे का तेवढं सांग."

गाडी निघाली. पहिला गिअर. मग क्षणभर रेस सोडून दुसरा. रुंद चाक त्या मऊ मातीत घट्ट बसून चालत होतं. आबांची चाल इतकी सफाईदार होती की चिमणीचे हात हळूहळू खाली आले. "सरळ," ती म्हणत राहिली. "सरळच आहे." वाऱ्याने आबांचे पांढरे केस तिच्या तोंडावर येत होते.

मग आबांनी डावीकडे मान वळवली.

चिमणीनेही बघितलं. डाव्या बाजूला, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, जमिनीवर एक रेघ उमटत चालली होती. अरुंद, नक्षीदार. मातीत आपणच उमटत, त्यांच्या वेगाने, त्यांच्या बरोबरीने. रेघेच्या टोकाशी धूळ उडत होती. वर काही नव्हतं. आणि आता तिलाही ऐकू आलं: दुसरं इंजिन, नवंकोरं, एकसारखं.

तिने सीट घट्ट धरली. आबा मात्र हसत होते. ते त्या बाजूला वाकून मोठ्याने म्हणाले, "किती वेळ लावलास रे!"

रेघ वळली. तिरकी होत त्यांच्याकडे आली, पुढच्या चाकाजवळ आली, खाली शिरली. जमिनीवर पडलेल्या तारेवरून जावं तसा गाडीला एक बारीकसा दणका बसला. लगेच आबांनी करकचून ब्रेक लावला. गाडी जागेवर थांबली. इंजिन बंद पडलं.

पण आवाज थांबला नाही. इंजिनाचा आवाज त्यांच्या पुढे निघून जात होता, आणि त्याच्याखाली रुंद टायरची ती जाड घरघर, जी चिमणी रोज ऐकत होती. तिने पाय टेकवले. गाडी उभी होती, पुढचं चाक स्थिर होतं, आणि त्या चाकाच्या पुढे, कोऱ्या मातीत, रुंद टायरचा ताजा पट्टा उमटत दूर चालला होता. तो बांधाच्या दिशेने गेला, बांधावरच्या दगडांत चढला, आणि आवाज हळूहळू विरला.

ती उतरली आणि त्या पट्ट्यावरून धावली. कुणामागे धावतोय ते तिला कळत होतं. पण एकीकडे आंधळ्या माणसाला गाडीवर सोडून आलोय हेही कळत होतं. ती मधेच थांबली आणि जीव खाऊन बांधाकडे ओरडली, "आबा!"

"काय गं चिमणे?" पाठीमागून उत्तर आलं.

आवाज आबांचाच होता, पण त्यात खरखर नव्हती. ती वळली. तो गाडीवर बसून होता, एक पाय जमिनीवर, एक ब्रेकवर, तरुण माणूस बसतो तसा. डोळे सताड उघडे. मग त्याच्या कपाळावर आठी पडली.

"चिमणी कुठेय? आत्ता हाक मारली तिने." त्याने चेहऱ्यासमोर हात हलवला. "आणि हे काय? एवढ्यात अंधार कसा पडला? कोण आहे तिथे? बाई, जरा बत्ती आहे का तुमच्याजवळ?"

चिमणी जवळ गेली. तिने त्याचा हात धरला. त्याने तो संकोचून काढून घेतला.

त्याला घरी कसं आणलं ते तिचं तिला माहीत. या वेळी तो मागे बसायला नाही म्हणाला नाही, घाबरला होता. घरी आल्यावर त्याने स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला, गालांच्या सुरकुत्यांवर थांबला आणि मनगटाची सैल कातडी ओढून बघितली. शेडमध्ये जुनं चाक खिळ्यावर होतं, टायर गुळगुळीत, थंड. चिमणीने रुंद चाक गाडीलाच राहू दिलं. काढून काही परत येणार नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्मृती एकदम खालच्या पायरीवर गेलीय, होतं असं. चिमणी मान हलवत राहिली. तिला फक्त एवढं कळत होतं की ज्या आबांनी तिच्या कारखान्याच्या पहिल्या दिवशी डबा पोचवला होता, ते कुठेतरी रस्त्यावर आहेत, आणि घरी आलाय तो तिच्यापेक्षा वयाने लहान आहे. तो शीळ घालतो. तिला 'तुम्ही' म्हणतो. शिंप्याच्या बोलण्याला पोट धरून हसतो, आणि शिंपी बिचारा एवढ्यानेही खूश होतो.

एके संध्याकाळी तो अंगणात बसला असताना त्याने आपण होऊनच विषय काढला.

"ताई, मधे पुष्कळ वर्षं गेलीत, हे मला कळलंय. हात खोटं बोलत नाहीत. तुम्ही कोण तेही मी ओळखलंय. तुमच्या बोलण्यात तिची लकब आहे. पण तसं म्हणायला जीभ वळत नाही, रागावू नका."

"नाही रागावत."

"मग मला सगळं सांगा. पण क्रमाने. तार तपासताना मी कधी खांब सोडून पुढे गेलो नाही. तसंच सांगा. पुढचं आधी नको." तो थांबला. आवाज खाली आला. "घरात तिचा आवाज येत नाही. तेही आत्ता नको. ज्या वर्षी येईल त्या वर्षी सांगा."

'तिचा' म्हणजे चिमणीच्या आईचा. ती जाऊन किती काळ झाला, हे फक्त त्यालाच माहीत नव्हतं.

तेव्हापासून कामावरून आली की चिमणी त्याच्याजवळ बसते आणि एकेक वर्ष सांगते. ती झाडावरून पडून हात मोडला ते वर्ष. पुराचं वर्ष. शाळेत नापास झाली ते वर्ष, ते ऐकून तो खूप हसला आणि मग "मी मारलं नाही ना?" असं काळजीने विचारलं. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला गाडीवर बसवून तारेबरोबर लांबवर नेलंत." हे खरं होतं.

आता ती आईच्या आजारपणाच्या आधीच्या वर्षापाशी आली आहे. त्या वर्षात सांगण्यासारखं फारसं घडलं नव्हतं. तरी ते संपत नाही. चिमणी त्यात पाहुणे आणते, एक हरवलेलं कुत्रं आणते, आई जत्रेला नवी साडी नेसून गाडीवर मागे बसल्याचं सांगते. शिंपी मशीन थांबवून ऐकत असतो आणि अधूनमधून साडीचा रंग सुचवतो. समोरचा माणूस डोळे मिटून ऐकतो, आणि तिने थांबायचं म्हटलं की घाईने म्हणतो, "असू दे, आज एवढंच. उद्या याच वर्षातलं अजून काहीतरी सांगा."